सरहद्दीचा किल्ला, कैद्यांची बराक

आम्हा अंबरनाथ पश्चिमेच्या माणसांना 'बराक' हा शब्द नवा नाही. शेजारच्या उल्हासनगरात कुणाचं घर शोधायला निघालात, तर हातात पत्ता पडतो तो असा : कॅम्प नंबर अमुक, बराक नंबर तमुक. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळच्या या माळावर ब्रिटिश सरकारनं फौजेसाठी भली मोठी छावणी उभारली. तिचं नाव 'कल्याण कॅम्प'. दोन हजारांवर बराकी होत्या म्हणतात. युद्ध संपलं, फौज गेली, बराकी ओस पडल्या. तेवढ्यात फाळणी झाली आणि सिंधमधून जीव मुठीत धरून आलेल्या माणसांना या बराकींत आसरा मिळाला. मध्ये पडदे, गोणपाट लावून एकेका बराकीत अनेक संसार थाटले गेले. १९४९ साली चक्रवर्ती राजगोपालाचारींनी या वस्तीचं नामकरण 'उल्हासनगर' असं केलं. तरी आमच्याकडची जुनी माणसं आजही 'कॅम्पात जाऊन येतो' असंच म्हणतात.

या 'बराक' शब्दाचा आणखी एक अर्थ आपण रोजच्या वर्तमानपत्रात वाचतो. 'ठाणे तुरुंगातल्या बराकीत झडती', 'बराकीत कैद्यांची मारामारी', अशा बातम्या असतात. तुरुंगात कैदी जिथं एकत्र राहतात, त्या लांबट दालनालाही बराकच म्हणतात. शिपायांच्या राहण्याच्या जागेचा हा शब्द कैद्यांच्या राहण्याच्या जागेला लागला. ठाण्याच्या मध्यवर्ती कारागृहाच्या बाबतीत तर हा नुसता शब्दांचा योगायोगही नाही. ते कारागृह आहे ते एका लष्करी किल्ल्यातच. आणि तो किल्ला साधासुधा नव्हता. तो सरहद्दीवरचा किल्ला होता. सरहद्द कुणाची? तर पलीकडे आपलं अंबरनाथ, कल्याण आणि अलीकडे ठाणे, यांच्यामधली.

हे ऐकून जरा नवल वाटेल. अंबरनाथहून लोकल पकडावी, उल्हासनगर, विठ्ठलवाडी, कल्याण करत कळवा मागं टाकावं, की खाडीचा पूल लागतो आणि लगेच ठाणे येतं. पूल ओलांडताना आपण फार तर दाराशी जायच्या तयारीला लागतो. पण दोनशे वर्षांपूर्वी ही खाडी म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. खाडीच्या पूर्वेला पेशव्यांचा मुलूख आणि पश्चिमेला, साष्टी बेटावर, ईस्ट इंडिया कंपनीचा अंमल. ठाणे हे साष्टीच्या पूर्व काठावरचं नाक्याचं गाव. एका अंगाला मुंबई बंदराकडे जाणारं पाणी, दुसऱ्या अंगाला उल्हास नदीच्या मुखातून वसईकडे जाणारं पाणी. ज्याच्या हाती ठाणे, त्याच्या हाती बेटाचा दरवाजा. म्हणून तर जो तो राज्यकर्ता या काठावर तट उभारू पाहत होता.

आता या तटाची जन्मकथा पाहू. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसईच्या तहानं वसई, साष्टी आणि मुंबईची बेटं पोर्तुगीजांना दिली. तेव्हापासून ठाणे पोर्तुगीजांकडे आलं. खाडीच्या काठानं त्यांच्या लहान-मोठ्या चौक्या होत्या. पण मोठा किल्ला बांधायची निकड भासली ती अठराव्या शतकात. कारण १७२०च्या सुमारास कल्याण मराठ्यांच्या ताब्यात आलं होतं आणि मराठी फौज खाडीच्या पलीकडे येऊन ठाकली होती. तेव्हा पोर्तुगीजांनी १७३०च्या दशकात ठाण्याला नव्या युरोपीय धाटणीचा, कोनाकोनांवर पुढं आलेले बुरूज असलेला किल्ला बांधायला घेतला. काम चालू होतं. पण पुरं झालं नव्हतं. १७३७ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी साष्टीत उतरून ठाणे घेतलं. या मोहिमेच्या आखणीत आपल्या भागातली माणसं होती. भिवंडीजवळच्या अंजूरचे गंगाजी नाईक हे त्यांतलं ठळक नाव.

गंमत अशी की, पोर्तुगीजांनी मराठ्यांना अडवण्यासाठी सुरू केलेला किल्ला मराठ्यांनी पुरा केला, आणि तो पोर्तुगीजांनाच अडवण्यासाठी वापरला. १७३८च्या अखेरीस पोर्तुगीज सेनापती पेद्रु द मेलु ठाणे परत घ्यायला आरमार घेऊन आला. किल्ल्यावरून तोफा सुटल्या आणि त्यांतल्या एका गोळ्यानं तो स्वतःच ठार झाला. पुढच्याच वर्षी, १७३९ साली, वसई पडली आणि या पट्ट्यातलं पोर्तुगीज राज्य आटोपलं.

यानंतर साडेतीन दशकं किल्ला मराठ्यांकडे होता. मुंबईच्या इंग्रजांची नजर मात्र साष्टीवरून कधी हटली नाही. मुंबई हे तेव्हा चिमुकलं बेट. धान्य, भाजीपाला, लाकूडफाटा सगळं बाहेरून यायचं आणि शेजारी साष्टीत दुसऱ्याची फौज. १७७३ साली पुण्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि पेशवाईत दुफळी माजली. त्यातच पोर्तुगीज पुन्हा साष्टीवर चाल करून येणार अशी कुणकुण लागली. मग मुंबईच्या इंग्रजांनी थांबायचं नाही असं ठरवलं. डिसेंबर १७७४ मध्ये जनरल गॉर्डन याच्या हाताखाली फौज ठाण्यावर आली. आरमाराचा प्रमुख कमोडोर वॉटसन या लढाईत जबर जखमी झाला आणि त्यातच गेला. पहिला हल्ला किल्लेकऱ्यांनी परतवला. इंग्रजांची पुष्कळ माणसं पडली. पण दुसऱ्या दिवशी, २८ डिसेंबरला, पुन्हा चढाई झाली आणि किल्ला पडला. आत शिरलेल्या शिपायांनी किल्ल्यातल्या शिबंदीची मोठी कत्तल केली. इतिहासाच्या पुस्तकात हे एका वाक्यात येतं. पण ती माणसं याच तटाच्या आत पडली, हे लक्षात ठेवायला हवं.

मग इंग्रज-मराठ्यांचं पहिलं युद्ध झालं. १७८० साली इंग्रजांनी कल्याणही घेतलं होतं. १७८२च्या सालबाईच्या तहात वसई, कल्याण मराठ्यांना परत मिळालं आणि साष्टी मात्र इंग्रजांकडे राहिली. झालं, सरहद्द पक्की ठरली. पुढची पस्तीस वर्षं ठाण्याच्या किल्ल्याचे पहारेकरी खाडीपलीकडच्या कळव्याच्या किनाऱ्याकडे डोळे लावून बसत. तो किनारा परमुलूख होता.

या सरहद्दीच्या किल्ल्यात एक बडा कैदी आला आणि त्यानं या सगळ्या चित्राचाच शेवट केला. त्याचं नाव त्रिंबकजी डेंगळे.

त्रिंबकजी हा दुसऱ्या बाजीरावाचा अत्यंत विश्वासू माणूस. पेशवे आणि बडोद्याचे गायकवाड यांच्यात जुन्या हिशेबाचा वाद होता. तो मिटवायला गंगाधरशास्त्री पटवर्धन हे गायकवाडांचे वकील म्हणून पुण्यात आले. त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी दिलेली होती. जुलै १८१५ मध्ये पंढरपुरात शास्त्रीबुवांचा खून झाला. संशयाचं बोट त्रिंबकजीकडे गेलं. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन यानं त्याला आमच्या ताब्यात द्या, असा हट्टच धरला. बाजीरावानं पुष्कळ टाळाटाळ केली. पण शेवटी सप्टेंबर १८१५ मध्ये त्याला इंग्रजांच्या हवाली करावं लागलं. इंग्रजांनी त्याला ठेवलं ठाण्याच्या किल्ल्यात.

ठाणेच का? कारणं सरळ होती. ती कंपनीची हक्काची जागा होती. भक्कम तट होता, फौजफाटा होता, मुंबई हाकेच्या अंतरावर होती. कुणी फितूर होऊ नये म्हणून या कैद्यावर पहारा ठेवला तो निव्वळ गोऱ्या शिपायांचा. एतद्देशीय शिपायांवर भरवसा नव्हता. इंग्रजांना वाटलं, ही मोठी खबरदारी झाली. नेमकी तीच त्यांना नडली. कारण गोऱ्या शिपायांना मराठी येत नव्हतं.

किल्ल्यातल्या एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार चाकरीला होता. घोड्याला फिरवायला तो त्रिंबकजीच्या खिडकीखालून जाई-येई. जाता-येता तो आपल्या तंद्रीत गाणं म्हणत असे. पहाऱ्यावरच्या शिपायाला वाटे, घोड्याचा नोकर काहीतरी गुणगुणतोय. प्रत्यक्षात त्या गाण्यातून तो कैद्याला निरोप पोचवत होता. बाहेर काय तयारी झाली आहे, काय करायचं आहे, हे सारं पहारेकऱ्याच्या कानांदेखत चाललं होतं. पुढं हा प्रसंग इतका गाजला, की १८२५च्या सुमारास या भागात आलेल्या बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूनं त्या गाण्याचा इंग्रजी तर्जुमा आपल्या प्रवासवर्णनात नोंदवून ठेवला.

१२ सप्टेंबर १८१६ची रात्र. पावसाळी अंधार. आठ-नऊचा सुमार. त्रिंबकजीनं शौचाला जायचं म्हणून सांगितलं. शौचकूपाच्या पलीकडे एका अधिकाऱ्याची घोड्यांची पागा होती आणि मधल्या भिंतीला आधीच भगदाड पाडून ठेवलेलं होतं. त्यातून तो पलीकडे गेला, साध्या नोकराचा वेश घेतला आणि तटावर पोचला. तिथून दोरानं खाली उतरला. पहारेकऱ्यांच्या ध्यानात येईस्तोवर तो खाडी ओलांडून पलीकडे पोचलासुद्धा. आणि पलीकडे म्हणजे कुठं? पेशव्यांच्या मुलखात. इंग्रज शिपायाला तिथं पाठलाग करत घुसता येणार नव्हतं. किल्ला सरहद्दीवर होता म्हणून तो भक्कम होता. आणि सरहद्दीवर होता म्हणूनच कैद्याला पळून जायला एक खाडी पुरली.

आता पुढची साखळी पाहा. त्रिंबकजी निसटला तो नाशिक-खानदेशाकडच्या डोंगराळ भागात जाऊन माणसं जमवू लागला. एल्फिन्स्टननं बाजीरावावर ठपका ठेवला. मे १८१७ मध्ये त्यानं बजावलं : महिनाभरात त्रिंबकजीला आणून द्या आणि तोवर सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले आमच्याकडे गहाण ठेवा. शेवटी १३ जून १८१७ला पुण्याचा तह बाजीरावाच्या गळ्यात मारला गेला. त्या तहानं उत्तर कोकण इंग्रजांकडे गेलं. म्हणजे कल्याण गेलं आणि त्याच्याबरोबर आपला हा सारा टापूही गेला. नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि जून १८१८ मध्ये बाजीराव शरण गेला. त्याच सुमारास त्रिंबकजीही पुन्हा पकडला गेला. या वेळी इंग्रजांनी धडा घेतला होता. सरहद्दीजवळ न ठेवता त्याला थेट काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात नेऊन ठेवलं. तिथंच १८२९ साली तो वारला.

तेव्हा ठाण्याच्या तुरुंगातून एक माणूस पळाला, त्याचं निमित्त झालं आणि वर्षाच्या आत ती सरहद्दच नकाशावरून पुसली गेली. सरहद्द गेल्यावर सरहद्दीच्या किल्ल्याचं काय करायचं?

हा प्रश्न जगात पुष्कळ ठिकाणी पडलेला आहे आणि उत्तरही बहुतेक ठिकाणी सारखंच निघालं आहे. रशियात पीटर द ग्रेटनं १७०३ साली स्वीडनच्या भीतीनं नेवा नदीतल्या बेटावर पीटर आणि पॉल किल्ला बांधायला घेतला. स्वीडनची भीती ओसरली, सरहद्द लांब गेली आणि किल्ला झाला राजकीय कैद्यांचा तुरुंग. पॅरिसचा बास्तिय शहराच्या वेशीचं रक्षण करायला बांधलेला. पुढं तोही तुरुंग झाला. आपल्याकडं अहमदनगरचा, म्हणजे आताच्या अहिल्यानगरचा, भुईकोट किल्ला पाहा. १९४२ साली पंडित नेहरू, सरदार पटेल, मौलाना आझाद अशा काँग्रेसच्या बड्या पुढाऱ्यांना तिथंच ठेवलं होतं.

असं का होतं? कारण किल्ला आणि तुरुंग यांच्या गरजा वरवर पाहता सारख्याच असतात. उंच तट, मोजके दरवाजे, आत पाण्याची सोय, पहाऱ्याच्या जागा. नव्या तोफांपुढं जो तट टिकत नाही, तो निःशस्त्र माणसाला अडवायला पुरून उरतो. शिवाय बांधकामाचा खर्च नाही. सरकारला आणखी काय हवं? पण खोलात गेलं तर फरक दिसतो. किल्ल्याचा तट बाहेरच्या माणसाला आत येऊ न देण्यासाठी असतो. त्याचे बुरूज पुढं काढलेले असतात ते बाहेरून भिंतीला भिडणाऱ्यावर बाजूनं मारा करता यावा म्हणून. पहारेकऱ्याचं तोंड बाहेर असतं. तुरुंगात हे सगळं उलट होतं. तिथं नजर आत ठेवायची असते. त्रिंबकजीच्या पलायनात हाच फरक उघडा पडला. किल्ल्यात पागा लागते, नोकरचाकर लागतात, त्यांची ये-जा लागते. किल्ल्याला त्याचं काही वाटत नाही. तुरुंगाला मात्र पागेची एक सामाईक भिंतही महागात पडते.

एकोणिसाव्या शतकात ठाण्याच्या किल्ल्याची हीच उलटापालट झाली. ठाणे हे जिल्ह्याचं मुख्य ठिकाण झालं होतं. कलेक्टर इथं, न्यायालय इथं, आणि कैदी ठेवायला तयार तट इथं. किल्ल्याचा तुरुंग झाला. १८५३च्या १६ एप्रिलला बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्याला आली आणि १८५४ साली खाडीवरच्या पुलावरून ती पुढं कल्याणपर्यंत गेली. ज्या खाडीनं दोन राज्यं वेगळी ठेवली होती, तिच्यावरून आता भाड्याचे पैसे भरून कुणीही पलीकडे जाऊ लागला. तट तेवढा होता तिथंच राहिला, आतल्या माणसांसाठी.

ही आतली माणसं कोण होती? अकोले तालुक्यातल्या देवगावचे राघोजी भांगरे हे महादेव कोळी समाजातले. सावकारी आणि कंपनी सरकार या दोहोंविरुद्ध त्यांनी सह्याद्रीत बंड उभारलं. जानेवारी १८४८ मध्ये ते पंढरपुरात पकडले गेले आणि २ मे १८४८ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. ज्या किल्ल्यानं पंढरपुरातल्या खुनाचा संशयित एक कैदी गमावला होता, त्याच किल्ल्यात पंढरपुरातच धरलेला दुसरा कैदी आला. पण या वेळी सुटका नव्हती. खाडीच्या पलीकडेही आता तेच सरकार होतं.

वासुदेव बळवंत फडके तर आपल्याच परिसरातले. पनवेलजवळच्या शिरढोणचा जन्म. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, आणि त्यांच्या शिक्षणाचा काही काळ कल्याणात गेला. म्हणजे किल्लेदाराचा नातू किल्ल्यातला कैदी झाला. जुलै १८७९ मध्ये ते पकडले गेले. पुण्यात खटला होऊन जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. एडनला रवाना करण्याआधी त्यांना ठाण्याच्या तुरुंगात ठेवलं होतं. एडन हीसुद्धा इंग्रजांची सरहद्दीवरची लष्करी ठाणबंदीच. तिथल्या तुरुंगाचं दार उखडून ते एकदा बाहेर पडले. पण पुन्हा पकडले गेले. १७ फेब्रुवारी १८८३ला तिथंच त्यांचा अंत झाला. ठाण्यातून पळणाऱ्या त्रिंबकजीला पलीकडचा काठ आपला होता. एडनच्या वाळवंटात फडक्यांना आपला असा काठच नव्हता.

आणि १९ एप्रिल १९१० हा दिवस तर मराठी माणसानं विसरू नये. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्यावर २१ डिसेंबर १९०९ला विजयानंद नाट्यगृहात गोळ्या झाडल्या गेल्या. त्या प्रकरणी अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. अनंत कान्हेरे जेमतेम अठरा वर्षांचे होते. आज ज्या वयात मुलं बारावीच्या निकालाची वाट पाहतात, ते वय. पुढच्याच वर्षी, १९११ साली, विनायक दामोदर सावरकरांना अंदमानला नेण्यापूर्वी याच तुरुंगात ठेवलं होतं. 'माझी जन्मठेप'मध्ये या मुक्कामाची हकिगत आहे.

एवढा सगळा इतिहास ऐकला की कुणाच्याही मनात येतं, चला, एकदा जाऊन पाहून येऊ. कळव्याच्या रस्तापुलाजवळ, कोर्ट नाक्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर हा किल्ला उभा आहे. पण रायगडला जाता येतं, वसईला जाता येतं, तसं इथं जाता येत नाही. बाहेरून तट आणि बुरूज दिसतात तेवढेच. कारण तो तुरुंग आजही चालू आहे. ठाण्यात राहणाऱ्यांनाही 'जेल' माहीत असतं. 'किल्ला' म्हटलं तर बरेच जण कुठला, असं विचारतात.

जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारनं पुण्याच्या येरवडा कारागृहापासून 'कारागृह पर्यटन' सुरू केलं, तेव्हा पुढच्या टप्प्यांत ठाण्याचं नावही घेतलं होतं. तुरुंग दुसरीकडे हलवून किल्ल्यात हुतात्म्यांचं स्मारक, संग्रहालय करावं, ही मागणीही ठाण्यात पुष्कळदा झाली आहे. गोव्यात असं घडलेलं आहे. आग्वादच्या किल्ल्यातला तुरुंग २०१५ साली बंद झाला, कैदी कोलवाळच्या नव्या तुरुंगात गेले आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिथं संग्रहालय उघडलं. गोवामुक्तीच्या लढ्यातली माणसं जिथं कोंडली होती, त्या कोठड्या आज शाळेची मुलं पाहतात. ठाण्यातही असं व्हावं, असं मलाही वाटतं. पण एक गोष्ट मनात ठेवून.

ती गोष्ट म्हणजे, त्या तटाच्या आत आजही माणसं आहेत. या तुरुंगाची अधिकृत क्षमता अकराशेच्या आसपास आणि प्रत्यक्षात कैदी मात्र वर्षानुवर्षं तिच्या कितीतरी पट, अशा बातम्या आपण वाचत आलो आहोत. हे एकट्या ठाण्याचं नाही. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर कैदी होते. त्यांपैकी शंभरातले जवळजवळ शहात्तर कच्चे कैदी होते. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघायचा आहे, ज्याचा गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. यांतले कित्येक जण जामिनाचे पैसे किंवा जामीनदार नाही म्हणून आत असतात. त्यांच्या भेटीला येणारी आई, बायको, भाऊ ही माणसं लोकलनंच येतात. स्टेशन जवळ, न्यायालय जवळ, हा ठाण्याच्या तुरुंगाचा त्यांना होणारा मोठा उपयोग. उद्या तुरुंग आडबाजूला गेला, तर संग्रहालय पाहणाऱ्यांची सोय होईल. पण मुलाखतीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या बाईचा दिवसाचा रोज बुडेल आणि प्रवासखर्च वाढेल. तारखेला कैद्याला न्यायालयात आणायला पोलिसांची गाडी लागते, माणसं लागतात. अंतर वाढलं की तारखा हुकण्याची भीती वाढते, आणि तारीख हुकली की कच्च्या कैद्याचा मुक्काम वाढतो.

दुसऱ्या बाजूनंही पाहायला हवं. पावणेतीनशे वर्षांहून जुन्या किल्ल्यात आजच्या काळाला साजेसा तुरुंग चालवणं अवघड आहे. तटाबाहेर वाढायला जागा नाही आणि आत दाटी. नवा, मोकळ्या हवेचा, पुरेशा संडास-न्हाणीघरांचा तुरुंग झाला तर तो कैद्यांच्याही भल्याचाच आहे. प्रश्न इतकाच, की तो कुठं होतो आणि आधी काय होतं. आधी नवी जागा, तिथं पोचायला एस्टी किंवा रेल्वेची सोय, न्यायालयाशी जोडणी. आणि मग किल्ला रिकामा करायचा, असा क्रम हवा. किल्ला रिकामा झाल्यावर मोक्याची जमीन म्हणून तिच्याकडे पाहणारेही पुष्कळ निघतील. स्टेशनजवळच्या, खाडीकाठच्या जमिनीचा भाव काय असतो, हे ठाणेकरांना मी सांगायला नको. तेव्हा तट, बुरूज आणि फाशीची जागा यांना हात लागणार नाही, हे कागदावर पक्कं झाल्याशिवाय पहिली गाडी हलू नये.

आमच्या शेजारच्या कॅम्पातल्या बराकी आता थोड्याच उरल्या आहेत. बहुतेकींच्या जागी इमारती आल्या. पण बराकीत जन्मलेली माणसं अजून आहेत. पडद्यापलीकडच्या शेजाऱ्याचं खोकणं कसं ऐकू यायचं, पाण्याच्या नळावर कशी रांग लागायची, हे ती सांगतात. शिपायांसाठी बांधलेल्या जागेत माणसांनी संसार केला, म्हणून तिची आठवण राहिली. ठाण्याच्या किल्ल्यात सरहद्दीचे पहारेकरी राहिले, कत्तलीत पडलेली शिबंदी राहिली, त्रिंबकजी राहिला, राघोजी, फडके, कान्हेरे राहिले. आज नाव-गाव कुणाला ठाऊक नसलेले हजारो कच्चे कैदी राहत आहेत. उद्या तिथं संग्रहालय झालंच, तर या सगळ्यांची दखल त्यात घेतली जावी. हुतात्म्यांच्या तसबिरींशेजारी एक भिंत, वर्षानुवर्षं तारखेची वाट पाहत बसलेल्या साध्या माणसांसाठी असावी.

तोपर्यंत आपल्याला एवढं करता येईल. पुढच्या वेळी लोकल कळवा सोडून खाडीच्या पुलावर आली, की दाराशी जायच्या घाईत क्षणभर उत्तरेकडच्या काठाकडे नजर टाकावी. आपण एक जुनी सरहद्द ओलांडतो आहोत. आणि त्या काठावर अजूनही काही माणसं आहेत, ज्यांना ती ओलांडता येत नाही.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)